अक्कलकोटकर फत्तेसिंह भोसले : वंश, नाव आणि वारसा

मराठ्यांच्या इतिहासात गादीच्या वारशाचे जे वाद झाले त्यांत ताराबाई आणि शाहूमहाराज यांचा वाद सर्वांत दीर्घ आणि सर्वांत परिणामकारक होय. त्या वादाच्या अगदी आरंभी, त्याच्या एका बाजूच्या कडेला, जालना परिसरातील एका पाटलाच्या घरचे मूल उभे असलेले दिसते. हे मूल पुढे फत्तेसिंह भोसले या नावाने प्रसिद्धीस आले, अक्कलकोटच्या संस्थानाचा मूळ पुरुष ठरले आणि छत्रपतींच्या वाड्यात पुत्रवत वाढूनही छत्रपतींच्या गादीपासून नेहमी एक पायरी खालीच राहिले. फत्तेसिंहाचे चरित्र मोहिमांची यादी म्हणून वाचले तर ते फारसे भरीव वाटत नाही. अठराव्या शतकातील मराठी समाज वारस कोणाला म्हणत असे, या प्रश्नाच्या अंगाने पाहिल्यास मात्र इतके बोलके चरित्र क्वचितच आढळते.

1707 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये औरंगजेब अहमदनगरजवळ मरण पावला. गादीसाठी उत्तरेकडे निघालेल्या आझमशहाच्या छावणीतून 8 मे 1707 रोजी, भोपाळजवळ दोराहा येथे, शाहूमहाराज बाहेर पडले. रायगड 1689 च्या नोव्हेंबरात मोगलांच्या हाती पडला तेव्हा ते सात वर्षांचे होते. सुटले तेव्हा पंचविशीत होते. मधली सुमारे अठरा वर्षे त्यांनी ज्याच्या छावणीत काढली त्यानेच त्यांच्या पित्याचा वध करविला होता. मातोश्री येसूबाई मोगलांकडे ओलीस राहिल्या होत्या. त्यांची सुटका 1719 मध्ये झाली. दक्षिणेत येणाऱ्या या तरुणापाशी खजिना नव्हता, फौज तुटपुंजी होती आणि लढाईचा अनुभव जवळजवळ नव्हता. त्याच्या जवळ एकच गोष्ट होती, ती म्हणजे थोरल्या शाखेचा जन्म. शिवछत्रपतींचा नातू, संभाजीराजांचा औरस पुत्र, एवढेच त्याचे भांडवल होते आणि ताराबाईने नेमका त्याच भांडवलावर घाव घातला. हा शाहू नव्हेच, मोगलांनी पुढे केलेला तोतया आहे, असा प्रचार तिच्या बाजूने सुरू झाला. राजाराममहाराजांनी आणि त्यांच्यामागे आपण राखलेल्या राज्यावर आपल्या पुत्राचा हक्क पोहोचतो, हे तिचे म्हणणे केवळ हेकट होते असे म्हणता येणार नाही. सात वर्षे तिने औरंगजेबाशी झुंज दिली होती. लढून राखलेले राज्य श्रेष्ठ की जन्माने आलेला हक्क श्रेष्ठ, असा हा वाद होता.

परसोजी भोसले याने शाहूमहाराजांच्या पंक्तीला एकाच ताटात जेवून त्यांच्या खरेपणाची ग्वाही दिली, ही हकीकत प्रसिद्ध आहे. कागदापेक्षा ताटाला प्रमाण मानणारा हा समाज होता, एवढे येथे ध्यानात ठेवावे. पुढे ताट पुन्हा एकदा येणार आहे.

याच प्रवासात पारदचा प्रसंग घडला. त्या काळच्या वृत्तान्तांत पारद म्हणून येणारे हे गाव म्हणजे आज जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात असलेले पारध होय. (1 मे 1981 रोजी जालना जिल्हा वेगळा होईपर्यंत हा मुलूख औरंगाबाद जिल्ह्यात मोडत असे.) गावची पाटीलकी लोखंडे घराण्याकडे होती. शाहूमहाराजांच्या लोकांवर गढीतून मारा झाला, महाराजांच्या फौजेने गढीवर हल्ला केला आणि त्या चकमकीत पाटील मारला गेला. पाटलाच्या विधवेने आपले लहान मूल आणून महाराजांच्या पुढ्यात घातले आणि ते त्यांच्या सेवेस अर्पण केल्याचे सांगितले. महाराजांनी ते मूल आपल्यापाशी ठेवून घेतले. दक्षिणेत आल्यावर मिळालेले हे पहिले यश म्हणून राणोजी लोखंडे या मुलाचे नाव फत्तेसिंह ठेवण्यात आले आणि त्याला भोसले हे आडनाव देण्यात आले.

मल्हार रामराव चिटणीसाच्या बखरीसारखी जी लेखने शाहूमहाराजांच्या चरित्राचा आधार मानली जातात ती या घटनांनंतर सुमारे शंभर वर्षांनी सिद्ध झाली. त्यामुळे पारदच्या प्रसंगाला कथेचे जे घाटदार रूप आले आहे त्याकडे सावधपणे पाहावयास हवे. चरणी घातलेले मूल, शरणागताला अभय, शुभशकुनावरून ठेवलेले नाव, ही सारी बखरकारांच्या हातची सामग्री आहे. परंतु प्रसंगाचा गाभा नाकारण्याचे कारण दिसत नाही, कारण त्याचा परिणाम, म्हणजे लोखंड्यांच्या घरचा भोसले, पुढे अर्धशतक सातारच्या दरबारात वावरत होता. बखरीच्या घाटाने एक गोष्ट मात्र झाकली जाते. मुलाच्या पित्याला मारणारी फौज आणि मुलाला मांडीवर घेणारा राजा हे एकाच पक्षाचे होते. शाहूमहाराजांना ही स्थिती अनोळखी नव्हती. आपल्या पित्याचा घात करणाऱ्याच्या घरी वाढणे म्हणजे काय, हे त्या वेळी महाराष्ट्रात त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? दक्षिणेत येताना त्यांनी खुलताबादला औरंगजेबाच्या कबरीचे दर्शन घेतल्याचे परंपरेने सांगितले जाते. ते खरे असेल तर पारदचे मूल स्वीकारण्यामागील मनही त्यातून थोडेसे उलगडते. केवळ राजनीतीने या कृतीचा अर्थ लावणे अपुरे होईल.

मुलाला भोसले हे नाव मिळाले याचा अर्थ नीट पाहावयास हवा. औरंगाबाद-जालना हा टापू कुळीच्या अभिमानाचा होता. पारदपासून फार दूर नसलेल्या सिंदखेडच्या जाधवरावांचे कुळ देवगिरीच्या यादवांपर्यंत नेले जाई. लखुजी जाधवराव 1629 मध्ये त्याच देवगिरीच्या किल्ल्यावर आपल्या पुत्रांसह मारला गेला. त्याची कन्या जिजाबाई भोसल्यांच्या घरी आली होती. भोसल्यांकडे वेरूळची पाटीलकी होती, आणि 1674 मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी गागाभट्टाच्या साहाय्याने त्यांचा संबंध उदेपूरच्या सिसोद्यांशी जोडण्यात आला. वेरूळचे पाटील आणि पारदचे पाटील यांत शंभर वर्षांपूर्वी कितीसे अंतर होते? पराक्रम आधी आणि वंशावळ मागाहून, असा क्रम मराठी मुलखात नवा नव्हता. फत्तेसिंहाच्या बाबतीत मात्र क्रम उलटला. नाव आधी मिळाले, आणि त्या नावाला शोभेल असे काही करून दाखविण्याची जबाबदारी मागाहून आली.

12 जानेवारी 1708 रोजी साताऱ्यास शाहूमहाराजांना राज्याभिषेक झाला. फत्तेसिंह राजवाड्यात वाढला. त्याचे संगोपन महाराजांच्या मर्जीतील विरूबाई हिच्याकडे होते. विरूबाई ही विवाहित राणी नव्हती. तरी वाड्यात तिचा मान मोठा होता आणि फत्तेसिंह तिचा पुत्र म्हणूनच ओळखला जाई. ती वारल्यावर तिचे उत्तरकार्य त्यानेच केले. धर्मशास्त्राच्या दृष्टीने पिंड देणे आणि दाय मिळणे यांचा परस्परसंबंध फार जुना आहे, आणि विरूबाईच्या खाजगी मालमत्तेवरील फत्तेसिंहाचा हक्क याच वाटेने आला. म्हणजे ज्याला राजाच्या पिंडाचा अधिकार कोणी स्पष्टपणे दिला नाही त्याला राजाच्या प्रिय स्त्रीच्या पिंडाचा अधिकार मिळाला. त्याच्या साऱ्या आयुष्याचे स्थान या एका तपशिलात सामावले आहे.

लष्करी कामगिरीत तो नावाने पुष्कळ ठिकाणी आढळतो. 1725-26 ची चित्रदुर्गाची आणि 1726-27 ची श्रीरंगपट्टणची अशा कर्नाटकच्या दोन्ही मोहिमांचे प्रमुखपद त्याच्याकडे होते. तंजावरचे सरफोजीराजे हे शाहूमहाराजांचे भाऊबंद. त्यांना आधार द्यावा हाही या मोहिमांचा एक हेतू होता. राजघराण्याचे काम राजघराण्याच्या नावाने व्हावे म्हणून पुढे फत्तेसिंह, आणि प्रत्यक्ष बळ बाजीरावाचे, अशी ही मांडणी होती. बाजीरावाचे मन या स्वाऱ्यांत नव्हते आणि फलही त्या मानाने थोडेच मिळाले.

सैन्य दक्षिणेत गुंतल्याचा फायदा निजामाने घेतला, आणि त्याने जे शस्त्र उचलले ते पुन्हा वारशाचेच होते. छत्रपती शाहू की कोल्हापूरचे संभाजी, हा वाद मिटेपर्यंत चौथाई कोणास द्यावयाची, असा प्रश्न त्याने उपस्थित केला. या युद्धात 1727 च्या नोव्हेंबरात बाजीरावाने जालना आणि सिंदखेड भागात धुमाकूळ घातला. वीस वर्षांपूर्वी ज्या टापूतून शाहूमहाराज आपला हक्क सांगत आले होते तोच टापू त्या हक्काच्या रक्षणार्थ उजाड होत होता. पालखेडनंतर मुंगी-शेवगावच्या तहाने (6 मार्च 1728) निजामाला माघार घ्यावी लागली. कोल्हापूरचा प्रश्न 1731 च्या वारणेच्या तहाने मिटला.

1733 च्या जंजिऱ्याच्या मोहिमेत बाजीराव व प्रतिनिधी यांच्याबरोबर फत्तेसिंह होता. 1740-41 मध्ये रघूजी भोसल्यासमवेत तो पुन्हा कर्नाटकात गेला. मे 1740 मध्ये दमलचेरीच्या खिंडीत अर्काटचा नवाब दोस्तअली मारला गेला आणि मार्च 1741 मध्ये त्रिचनापल्ली पडली. या यशाचा मुख्य वाटा रघूजीचा आहे. फत्तेसिंह मोठा सेनापती नव्हता आणि त्याने तसा आव आणल्याचेही दिसत नाही. त्याच्या महत्त्वाकांक्षेविषयी साधने जवळजवळ मूक आहेत, आणि हे मौनच त्याच्या स्वभावाचे गमक मानण्याचा मोह होतो.

शाहूमहाराजांना औरस पुत्र उरला नव्हता. 1748-49 मध्ये त्यांची प्रकृती ढासळू लागली तसा वारसाचा प्रश्न तातडीचा झाला. राणी सकवारबाईचा कल कोल्हापूरच्या संभाजीराजांकडे होता. रघूजी भोसल्याला आपल्या मुलाविषयी आशा होती. बेचाळीस वर्षे वाड्यात पुत्रवत वाढलेला फत्तेसिंह मात्र या स्पर्धेत निर्णायक ठरला नाही. याचे कारण त्याच्या अंगच्या उणिवेत शोधण्यापेक्षा शाहूमहाराजांच्या स्वतःच्या स्थितीत शोधणे युक्त होय. त्यांची सारी राजवट एका तत्त्वावर उभी होती, आणि ते तत्त्व म्हणजे शिवछत्रपतींच्या रक्ताचा, थोरल्या शाखेचा हक्क. लढून राज्य राखणाऱ्या ताराबाईला ज्या तत्त्वाने बाजूस सारले, त्याच तत्त्वाने लोखंड्यांच्या मुलापुढे दार लावले. त्याला गादी देणे म्हणजे 1707 चा आपलाच दावा मोडणे झाले असते.

रक्ताचा वारस शेवटी ताराबाईनेच पुढे आणला. आपला नातू रामराजा लपवून वाढविलेला आहे, असे तिने प्रकट केले. त्याच्या खरेपणाची खात्री म्हणून तिने त्याच्याबरोबर एका पंक्तीला जेवून अन्नावर शपथ घ्यावी, अशी अट पडली. 1707 चे ताट असे पुन्हा मांडले गेले. 15 डिसेंबर 1749 रोजी शाहूमहाराज निवर्तले आणि 1750 च्या जानेवारीत रामराजा गादीवर बसला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ताराबाईने त्याला कैद केले, आणि 1752 मध्ये जेजुरीस खंडोबासमोर शपथ घेऊन तो आपला नातू नव्हेच असे सांगितले. वंशाच्या तत्त्वासाठी ज्याची निवड झाली त्याच्या वंशाविषयी अशी खुद्द साक्षीदारानेच माघार घेतली. शाहूमहाराजांचे ज्याच्याविषयीचे ममत्व सर्वांना ठाऊक होते तो फत्तेसिंह या साऱ्या गोंधळात बाजूलाच राहिला. अक्कलकोट हे निजामाच्या मुलखाला लागून असलेले, शाहूमहाराजांच्या कृपेने मिळालेले ठिकाण आता त्याचे घर होते.

1760 मध्ये तो वारला. त्यालाही पुत्र नव्हता. येथे त्याने, किंवा त्याच्या घराण्याने, जो निर्णय केला तो विचार करण्यासारखा आहे. भोसल्यांच्या अनेक शाखा होत्या. आडनावाला धरून त्यांतील एखादे मूल आणणे अशक्य नव्हते. दत्तक आला तो लोखंड्यांच्या घरातून, फत्तेसिंहाच्या भावाचा मुलगा शहाजी. अक्कलकोटच्या गादीवर भोसले हे नाव राहिले आणि रक्त पारदच्या पाटलांचे राहिले. नाव राजाकडून आणि रक्त बापाकडून, अशी ही विभागणी होती; पन्नासांहून अधिक वर्षांपूर्वी गढीत मारल्या गेलेल्या त्या पाटलाचा वंश अशा रीतीने संस्थानिक झाला. रामराजालाही पुत्र नसल्यामुळे 1777 मध्ये साताऱ्यासही दत्तकच घ्यावा लागला, आणि तो वावीच्या भोसल्यांच्या घरातून आला. तेथे नाव आणि कुळ दोन्ही जुळविण्यात आले.

1848 च्या एप्रिलमध्ये सातारचे शहाजी ऊर्फ अप्पासाहेब निधन पावले. मृत्युसमयी घेतलेला त्यांचा दत्तक इंग्रज सरकारने मान्य केला नाही आणि सातारचे राज्य खालसा झाले. अक्कलकोट तेवढे निराळे मांडलिक संस्थान म्हणून उरले. पुढे स्वामी समर्थांच्या वास्तव्याने हे नाव घरोघर पोहोचले, आणि त्या संस्थानाचा मूळ पुरुष लोकांच्या स्मरणातून बराचसा मागे सरला. लोखंड्यांच्या रक्ताची आणि भोसल्यांच्या नावाची ती गादी सातारची गादी गेल्यानंतर शंभर वर्षे टिकून 1948 मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाली.