तात्या टोपे नर्मदा ओलांडून आले, पण महाराष्ट्र थोडक्यात राहिला

जून १८५८. ग्वाल्हेरच्या लढाईत राणी लक्ष्मीबाई गेल्या, किल्ला इंग्रजांनी घेतला. पाठोपाठ जौरा-अलीपूरला तात्या टोपेंच्या तोफाही गेल्या. उठाव संपला, असं इंग्रजांना वाटलं. पण हरलेलं सैन्य घेऊन तात्या पुढचे कित्येक महिने त्यांना पळवत राहिले.

तात्यांचं मूळ नाव रामचंद्र पांडुरंग. जन्म १८१४ चा, नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याचा. वडील दुसऱ्या बाजीरावांच्या पदरी होते. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि हे कुटुंब पेशव्यांसोबत कानपूरजवळच्या ब्रह्मावर्तला गेलं. तिथेच नानासाहेबांशी तात्यांचं नातं जुळलं.

ग्वाल्हेरनंतर तात्यांना दक्षिणेत उतरायचं होतं. पेशव्यांच्या मुलखात पेशव्यांचं निशाण दिसलं तर लोक उठतील, ही आशा होती. सोबत नानासाहेबांचे पुतणे रावसाहेब होते.

पण वाटेत पुराच्या नद्या आणि मागे इंग्रजांच्या तुकड्या. राजस्थानात बनास नदीकाठी पराभव झाला. झालरापाटणला संस्थानाची फौज येऊन मिळाली, तोफा आणि पैसाही हाती आला. राजगडजवळ त्या तोफा पुन्हा गेल्या. तरी तात्या थांबले नाहीत. सामान कमी, घोडे चपळ, मुक्काम छोटे. एक इंग्रज तुकडी थकली की दुसरी पाठलागावर यायची.

ऑक्टोबरच्या अखेरीस होशंगाबादजवळ त्यांनी नर्मदा ओलांडली. मुंबई आणि मद्रास सरकारं हादरली. तात्या मुलताईपर्यंत पोहोचले. तिथून नागपूर काही दिवसांच्या वाटेवर!

मग पुढे का गेले नाहीत? कारण उशीर झाला होता. नागपूरचं राज्य १८५४ मध्येच खालसा झालेलं, तिथला उठावाचा बेत १८५७ मध्येच मोडला गेलेला. वाटा इंग्रजांनी अडवल्या होत्या आणि लोक उठले नाहीत. तात्या पश्चिमेला वळले, पुन्हा नर्मदा ओलांडली. डिसेंबरात छोटा उदेपूरला आणि जानेवारी १८५९ मध्ये सीकरला हार झाली.

शेवटी ते पाडोनच्या जंगलात नरवरच्या मानसिंहाकडे आश्रयाला गेले. त्यानेच एप्रिलमध्ये त्यांना पकडून दिलं. आपण पेशव्यांचे चाकर, इंग्रजांची प्रजा नाही, त्यामुळे हे बंड नव्हेच, अशी बाजू तात्यांनी मांडली. १८ एप्रिल १८५९ ला शिवपुरीत त्यांना फाशी दिली गेली.

लढाया तात्या बहुतेक हरले. पण शस्त्र शेवटपर्यंत टाकलं नाही.