श्रावणाच्या कथेपासून परचुरे कुटीपर्यंत

सेवाग्राम आश्रमात बापूकुटी पाहून परतणाऱ्यांपैकी फार थोड्यांची पावले परचुरे कुटीकडे वळतात. महात्मा गांधींच्या करुणेचा प्रवास समजून घ्यायचा, तर ही लहानशी झोपडी पाहायलाच हवी.

२ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदर येथे जन्मलेल्या मोहनदासांना बालपणी अवांतर वाचनाची फारशी गोडी नव्हती. मात्र वडिलांनी आणलेले श्रावणाच्या पितृभक्तीवरील नाटक हाती पडले आणि ते त्यात रंगून गेले. फिरत्या खेळवाल्यांच्या चित्रांत अंध मातापित्यांची कावड वाहणारा श्रावण दिसला, तो मनात कायमचा ठसला. पुढे हरिश्चंद्राचे नाटक पाहून त्यांच्या डोळ्यांत वारंवार पाणी आले.

परंतु कथेने डोळे ओलावणे आणि परक्याचे दुःख आपल्या घरात घेणे, यांत मोठे अंतर असते. दरबान येथे वकिली करीत असताना एक कुष्ठरोगी त्यांच्या दारी आला. गांधीजींनी त्याला आश्रय दिला, त्याच्या जखमा धुतल्या. मात्र त्याला कायम जवळ ठेवण्याइतके मनोबल त्यांच्यापाशी नव्हते. अखेर त्याची रवानगी सरकारी रुग्णालयात झाली. ही उणीव त्यांनी आत्मचरित्रात निःसंकोचपणे नोंदविली आहे.

१९०४ मध्ये मित्र हेन्री पोलाक यांनी दिलेले रस्किनचे ‘अन टू धिस लास्ट’ जोहान्सबर्ग-दरबान रेल्वेप्रवासात त्यांनी वाचले. श्रमिकाचे आणि वकिलाचे काम सारख्याच मोलाचे, हा बोध त्यातून घेऊन त्यांनी त्याच वर्षी फिनिक्सची वसाहत उभारली. आता वाचन केवळ भावनेपुरते उरले नव्हते.

१९३६ मध्ये ते वर्ध्याजवळच्या सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहावयास आले. काही वर्षांनी संस्कृतचे व्यासंगी परचुरे शास्त्री आश्रमात दाखल झाले. त्यांना कुष्ठरोग होता. संसर्गाच्या धास्तीने समाज अशा रुग्णांना दूर लोटत असे. गांधीजींनी त्यांना आपल्या कुटीजवळच झोपडी बांधून दिली. सत्तरीच्या घरातील गांधीजी स्वतः त्यांच्या अंगाला मालिश करीत. दरबानला जे साधले नव्हते, ते येथे साधले. त्यामागे बालपणीच्या नाटकाचा संस्कार होता, तशीच अनेक वर्षांची साधनाही होती.

१९४६ मध्ये सेवाग्राम सोडून गेलेले गांधीजी तेथे पुन्हा परतले नाहीत. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत त्यांची हत्या झाली. हाच दिवस आज देशात कुष्ठरोग निवारण दिन म्हणून पाळला जातो.