बिअरला ओळख देणारा ‘दुसरा’ मायकल जॅक्सन

मायकल जॅक्सन म्हटलं की गायकच आठवतो. बिअरच्या जगात मात्र हे नाव दुसऱ्याच माणसाचं. २७ मार्च १९४२ रोजी इंग्लंडच्या यॉर्कशायरमध्ये जन्मलेले हे जॅक्सन सोळाव्या वर्षी शाळा सोडून वार्ताहर झाले.

त्या काळी बहुतेकांच्या लेखी बिअर म्हणजे बिअर. जॅक्सन यांनी देशोदेशीच्या ब्रुअऱ्या पालथ्या घातल्या. १९७७ साली ‘द वर्ल्ड गाइड टू बिअर’ आलं. कुठली बिअर कशापासून होते, कडू की आंबट, रंग-वास कसा, यावरून त्यांनी प्रकार लावून दिले. बेल्जियमची लॅम्बिक हवेतल्या यीस्टवर आंबते. नवख्याला ती बिघडल्यासारखी वाटते. तिचं मोल त्यांनी जगाला पटवलं आणि तिथल्या छोट्या ब्रुअऱ्यांना परदेशी गिऱ्हाईक मिळालं.

पुढे त्यांचं बोलणं अडखळू लागलं, तोल जाऊ लागला. बिअरवर लिहिणारा माणूस. लोकांना वाटलं, चढली असणार. खरं कारण होतं पार्किन्सन्स. अनेक वर्षं लपवलेला हा आजार त्यांनी २००६ साली उघड केला. ३० ऑगस्ट २००७ रोजी लंडनमध्ये त्यांचं निधन झालं.

आज मेन्यूकार्डावर लागर, स्टाउट, व्हीट बिअर वेगवेगळी लिहिलेली दिसते, त्यात जॅक्सन यांचा मोठा वाटा आहे.