देवगंधर्व भास्करबुवा बखले : रंगभूमीवरील अपयश आणि मैफलीतील सिद्धी

उपजत मधुर गळा लाभलेला गायकही सभेपुढे का कचरतो आणि त्याची ही भीती कशाने नाहीशी होते, या प्रश्नाचा विचार करताना भास्करबुवा बखले यांचे चरित्र विशेष उद्बोधक ठरते.

बुवांचा जन्म १८६९ साली बडोदे संस्थानातील कठोर या गावी झाला. बडोद्यास संस्कृताचे अध्ययन चालू असता त्यांच्या गोड गळ्याकडे जाणत्यांचे लक्ष गेले आणि लौकरच ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘रामराज्यवियोग’ नाटकातील कैकेयीची भूमिका करणारा हा मुलगा अल्पावधीतच प्रेक्षकप्रिय झाला. इंदूर मुक्कामी प्रख्यात बीनकार बंदे अली खाँ यांनी त्याचे गाणे ऐकले व प्रसन्न होऊन त्याला काही काळ तालीम दिली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

परंतु हे यश वयाच्या आधीन होते. वयात येताच आवाज फुटला आणि ज्या गळ्यावर कंपनीतील सारी प्रतिष्ठा उभी होती, तोच दगा देऊ लागला. संगीत नाटकाच्या त्या काळात स्त्रीभूमिका करणाऱ्या नटाच्या बाबतीत ही घटना म्हणजे पदच्युतीच होय. काल ज्याचे कौतुक होत होते, त्याच्या वाट्याला आता थट्टा आली. अखेरीस कंपनी सोडून ते बडोद्यास परतले. असा प्रसंग ओढवलेल्या अनेक बालनटांचे गाणे तेथेच संपले. बुवांचे मात्र तेथून सुरू झाले.

बडोद्यास ग्वाल्हेर परंपरेचे फैज महंमद खाँ यांच्यापाशी त्यांनी ख्यालाचा पाया घातला. पुढे आग्रा घराण्याचे नत्थन खाँ यांच्याकडे विलंबित लयीचे आणि लयकारीचे कठोर शिक्षण घेतले. मध्यंतरी धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात संगीतशिक्षक म्हणूनही त्यांनी काम केले. १९०१ साली नत्थन खाँ निवर्तले. गायक म्हणून स्वतःचे नाव झालेले असतानाही बुवांनी त्यानंतर अल्लादिया खाँ यांचे शिष्यत्व पत्करले. तीन भिन्न गायकींचा अभ्यास एकाच गळ्यात मुरविण्याचा असा उद्योग त्या काळी विरळाच होता.

या दीर्घ साधनेचा आणि सभाधीटपणाचा संबंध सूक्ष्म आहे. बालवयातील गायन केवळ आवाजावर अवलंबून होते. म्हणून आवाज जाताच आधार गेला. प्रौढ वयातील गायन रागाच्या ज्ञानावर, लयीच्या निश्चितीवर आणि बंदिशींच्या संग्रहावर उभे होते. एखादा स्वर क्वचित रुसला, तरी विस्ताराच्या दहा वाटा मोकळ्या होत्या. भीती उरते ती एकच वाट ठाऊक असलेल्याला. याच संपन्नतेमुळे श्रोतृवर्ग पाहून गाणे बेतण्याचे कौशल्य त्यांना साधले. महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्याप्रमाणेच दूरच्या पंजाबात, जालंधरच्या हरवल्लभ मेळ्यातील चोखंदळ श्रोत्यांतही, त्यांना मोठा मान मिळाला.

ज्या रंगभूमीने अव्हेरले, तिच्याकडे बुवा गुरू म्हणून परतले, हा या चरित्राचा उत्तरार्ध होय. बालगंधर्व व मास्टर कृष्णराव हे त्यांचे शिष्य. खाडिलकरांच्या ‘स्वयंवर’ (१९१६) नाटकातील पदांना त्यांनी यमन, बिहाग, भीमपलास अशा रागांच्या चाली दिल्या. ख्याल-ठुमरीच्या परंपरेतून आलेल्या या चाली बालगंधर्वांच्या गळ्याचा धर्म ओळखून बांधल्या होत्या. गायकाला पेलेल तेच त्याच्या हाती द्यावे आणि मग ते पूर्णपणे त्याचे करून घ्यावे, ही दृष्टी बहुधा स्वतःच्या पूर्वानुभवातून आलेली असावी. १९११ साली पुण्यात त्यांनी स्थापन केलेल्या भारत गायन समाजामुळे संगीतशिक्षणाचा लाभ सामान्य गृहस्थांनाही मिळू लागला.

१९२२ साली पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या गायनाची एकही ध्वनिमुद्रिका उपलब्ध नाही. ज्यांच्यासमोर ते गायिले, त्यांच्या स्मृतीत आणि शिष्यांच्या गायकीतच ते गाणे शिल्लक राहिले. सभेने एकदा नाकारलेल्या गायकाची सारी कीर्ती अखेर सभेनेच जतन करावी, यात त्यांच्या साधनेचे सार्थक आहे.