दप्तरांतून पिढ्या शोधणारा वरसईचा संशोधक

जन्म-मृत्यूची सरकारी नोंद नसलेल्या काळातील माणसांचा माग कसा काढावा, हे महाराष्ट्राला ज्यांनी शिकवले, ते इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे हे मूळचे पेण तालुक्यातील वरसईचे. त्यांचा जन्म २४ जून १८६३ चा मानला जातो. काही ग्रंथांत मात्र वर्ष १८६४ असे आढळते. त्या काळी घरोघरी तिथी लक्षात राहत असे, सन निसटत असे. खुद्द इतिहासाचार्यही त्याला अपवाद ठरले नाहीत.

वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. शिक्षण पुण्यात झाले, डेक्कन कॉलेजातून पदवी मिळाली. पत्नीचे अकाली निधन झाल्यावर त्यांनी पुन्हा संसार मांडला नाही. काही काळ शिक्षकी करून पुढचे सारे आयुष्य त्यांनी जुन्या कागदांच्या शोधात घालवले. आणि लिहिले ते मराठीतच.

वाई येथे मिळालेल्या पत्रांच्या आधारे १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. पुढे खंडांची संख्या २२ वर गेली. हे कागद सहजी हाती येत नव्हते. वाळवी आणि पावसाने काही खाल्ले होते, काही रद्दीत चालले होते. शिवाय १८५२ च्या इनाम कमिशनने अनेकांची इनामे तपासून काढून घेतली होती. त्यामुळे दप्तर परक्याला दाखवले तर उरलेसुरले वतनही जाईल, अशी धास्ती घराण्यांना वाटे. राजवाडे गावोगाव पायपीट करीत, लोकांची मनधरणी करीत, नकला उतरवून घेत.

या कागदांत पूर्वज सापडतात ते भांडणामुळे. वतनाचा तंटा उभा राहिला की वादी आपला करीना लिहून देई: मूळ पुरुष कोण, त्याचे पुत्र किती, वाटणी कधी झाली. गोतसभेपुढे साक्षी होत आणि महजर किंवा निवाडपत्र तयार होई. त्यावर तिथी व शक असे, साक्षीदारांची नावे असत. एका तंट्यातून घराण्याच्या चार-चार पिढ्या उलगडत. तरीही दावेदाराची वंशावळ पदरच्या सोयीने लिहिलेली असू शकते. म्हणूनच मागाहून रचलेल्या बखरीपेक्षा समकालीन चिटोरा अधिक विश्वासाचा, अशी राजवाड्यांची भूमिका होती. बखर त्यांनी टाकून मात्र दिली नाही. उत्तर कोकणातील घराण्यांची माहिती देणारी ‘महिकावतीची बखर’ त्यांनीच १९२४ मध्ये संपादून प्रसिद्ध केली.

या वाटेला मर्यादाही आहे. ज्यांना वतन नव्हते, त्यांची नावे दप्तरात क्वचितच येतात. कुळे, मजूर आणि बहुतेक घरांतील स्त्रिया या वंशावळींतून गळाल्या आहेत.

१९१० मध्ये राजवाड्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. अखेरची वर्षे धुळ्यात गेली. तेथेच ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या संग्रहाच्या जतनासाठी धुळ्यात त्यांच्या नावाची संस्था उभी राहिली.

जन्म-मृत्यूची नोंद देशभर सक्तीची झाली ती १९६९ च्या कायद्याने. त्यामागच्या पिढ्या शोधणाऱ्या पेण-रोह्याच्या कुटुंबाला आजही जमिनीचे जुने कागद, क्षेत्रोपाध्यांच्या वह्या आणि माळ्यावरचे दप्तर यांचाच आधार आहे. ते दप्तर रद्दीत जाण्याआधी सोडून पाहावे, एवढाच वरसईच्या या संशोधकाच्या आयुष्याचा धडा आहे.