गांधीजींच्या घरातली सत्ता तपासणारा मनोविश्लेषक

सेवाग्राम आश्रमात बापू कुटी आहे, तशी बा कुटीही आहे. बाहेरच्या सत्तेशी अहिंसेने लढणारे गांधीजी घरात कसे वागले, हा प्रश्न एका मनोविश्लेषकाने थेट त्यांनाच विचारला. तेही त्यांच्या मृत्यूनंतर.

त्यांचं नाव एरिक एरिक्सन. जन्म १९०२, जर्मनीत. आई डॅनिश ज्यू, वडील कोण हे त्यांना कधीच कळलं नाही. सोनेरी केसांच्या एरिकला शाळेत ज्यू म्हणून चिडवायचे आणि सिनेगॉगमध्ये परका म्हणून. व्हिएन्नात ते ॲना फ्रॉइड यांच्याकडे शिकले, १९३३ मध्ये अमेरिकेला गेले. तिथे सावत्र वडिलांचं आडनाव सोडून नवं घेतलं: एरिक्सन, म्हणजे एरिकचाच मुलगा!

१९३८ मध्ये त्यांनी पाइन रिजला सू आदिवासींची मुलं पाहिली. शिक्षकांना ती निरुत्साही वाटत. पण ज्यांचे बायसनचे कळप संपवले, ज्यांची पोरं सरकारी वसतिगृहात नेली, त्यांचं दुखणं एकट्या मुलाच्या मनात कसं सापडणार?

१९६२ मध्ये ते अहमदाबादला आले आणि १९१८ च्या गिरणी संपाचा शोध घेऊ लागले. १९६९ मध्ये 'गांधीज ट्रुथ' आलं, पुढे त्याला पुलित्झरही मिळालं. सत्याग्रह आणि मनोविश्लेषण त्यांना भावंडं वाटायची, कारण दोन्हीकडे समोरच्यावर सत्य लादायचं नसतं. पण लिहिता लिहिता ते अडले. पुस्तकाच्या मध्येच त्यांनी गांधीजींना पत्र लिहिलं, आणि कस्तुरबांवर, आश्रमातल्या मुलांवर लादलेल्या नियमांतल्या हिंसेचा जाब विचारला.