विश्लेषण : लैंगिक आरोग्य हा पाप-पुण्याचा प्रश्न नाही, असे सांगणारे र. धों. कर्वे कोण होते?

वयात येणाऱ्या मुलामुलींना शरीराविषयी पडणारे प्रश्न विचारायचे कोणाला? शंभर वर्षांपूर्वी याचे उत्तर बहुतेक घरांत ठरलेले होते : कोणालाच नाही. धर्म आणि रूढी सांगतील ते पाळायचे. या गप्प बसण्याला आव्हान देणारे रघुनाथ धोंडो कर्वे यांना त्यासाठी नोकरी गमवावी लागली आणि न्यायालयात दंडही भरावा लागला.

गणिताचा प्राध्यापक या कामाकडे कसा वळला?

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ते थोरले चिरंजीव. आई राधाबाई १८९१ मध्ये वारल्या. वडिलांनी १८९३ मध्ये विधवेशी पुनर्विवाह केला, तेव्हा मूळ गाव मुरूडने कुटुंबावर बहिष्कार टाकला. धर्माच्या नावाने समाज काय करू शकतो, हे त्यांनी लहान वयातच पाहिले.

पुढे ते गणिताचे प्राध्यापक झाले आणि उच्च शिक्षणासाठी पॅरिसला गेले. परतल्यावर १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र उघडले होते. कर्वे यांनी मूल न होऊ देण्याचा निर्णय घेऊन स्वतःवर नसबंदीची शस्त्रक्रियाही करून घेतली. पत्नी मालतीबाईंची त्यांना साथ होती.

नोकरी का गेली?

कर्वे तेव्हा मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात शिकवत होते. ही संस्था ख्रिस्ती मिशनऱ्यांची. प्राध्यापकाने संततिनियमनाचा प्रचार करावा, हे व्यवस्थापनाला मान्य नव्हते. प्रचार थांबवा किंवा नोकरी सोडा, असा पर्याय समोर आल्यावर कर्वे यांनी १९२५ मध्ये राजीनामा दिला. त्यांच्या कामाला सनातनी हिंदूंचा जसा विरोध होता, तसाच मिशनऱ्यांचाही होता.

किशोरवयाचा संबंध काय?

त्या काळी अनेक मुलींचा संसार किशोरवयातच सुरू होई. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलींसाठी विवाहाचे किमान वय १४ आणि मुलांसाठी १८ केले. ऋतुप्राप्तीपूर्वी लग्न हे धर्मकर्तव्य आहे, असे सांगत त्यालाही सनातन्यांनी विरोध केला. म्हणजे लग्न कधी, मूल कधी, हे ठरवण्यात त्या मुलीचा वाटा जवळपास नसेच.

मुलांवरचे दडपण वेगळे होते. वीर्यनाशाने शक्ती जाते, हस्तमैथुन हे पाप आहे, ही भीती मनात घट्ट बसवलेली असे. कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये सुरू केलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाकडे अशा शंकांची पत्रे येत. ते धर्माचा धाक न घालता शरीरशास्त्राच्या आधारे उत्तरे देत. गुप्तरोग ही पापाची शिक्षा नसून संसर्ग आहे आणि तो टाळता येतो, ही त्यांची भूमिका होती. महात्मा गांधी कृत्रिम साधनांऐवजी ब्रह्मचर्याचा आग्रह धरत. डिसेंबर १९३५ मध्ये वर्ध्याला मार्गारेट सँगर यांनाही त्यांनी हेच सांगितले. कर्वे यांना हा मार्ग सामान्य माणसासाठी अव्यवहार्य वाटे.

खटले कशावरून झाले?

‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखावरून १९३१ मध्ये त्यांना अटक झाली आणि १०० रुपये दंड झाला. १९३४ चा खटला मात्र थेट वाचकांच्या प्रश्नोत्तरांवरून होता. हस्तमैथुन आणि समलैंगिकतेविषयीच्या शंकांना दिलेली उत्तरे अश्लील ठरवण्यात आली. कर्वे यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडली. लैंगिक विषयावरचे सर्वच लेखन अश्लील मानता येणार नाही आणि अज्ञानातून प्रश्न पडत असतील तर त्यांना ज्ञानानेच उत्तर द्यायला हवे, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. तरीही कर्वे खटला हरले आणि २०० रुपये दंड झाला.

पुढे काय झाले?

कर्वे यांनी मासिक बंद केले नाही. १९४४ मध्ये मालतीबाई गेल्या, पैशांची चणचण कायम होती, तरी अंक निघत राहिले. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी त्यांचे निधन झाले आणि त्यानंतर काही आठवड्यांतच मासिकही थांबले. त्याआधीच १९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजन हा अधिकृत कार्यक्रम म्हणून स्वीकारला होता.

आज त्यांची आठवण का?

संततिनियमन आता सरकारी दवाखान्यात मिळते. किशोरवयीनांना माहिती देण्याचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. २००७ मध्ये शाळांतील किशोरवयीन शिक्षण कार्यक्रमाला महाराष्ट्रासह अनेक राज्यांत संस्कृतीच्या मुद्द्यावर विरोध झाला. श्रद्धा ठेवायची की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. पण मासिक पाळी, गर्भधारणा किंवा संसर्गाबद्दलची खरी माहिती श्रद्धाळू घरातल्या मुलामुलींनाही तेवढीच लागते. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’कडे पत्रे येत होती ती याच गरजेतून.